कॅरिबियन सहलीची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून कॅरिबियनला जाणाऱ्यांची संख्या अजून कमी आहे. त्यामुळे मराठीत याबद्दल फारसं लिहिलेलं सापडत नाही आणि इंग्रजीतली माहिती बहुतेक अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी असते. आपले प्रश्न वेगळे असतात: ट्रान्झिट व्हिसा, यलो फिव्हर (पीतज्वर) या डासांमुळे होणाऱ्या तापाची लस, शाकाहार, ज्येष्ठांचा लांबचा प्रवास. ओळखीतल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

कॅरिबियनला जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं?

आधी हेच ठरवा, कारण बाकीचं सगळं यावर अवलंबून आहे. कॅरिबियन हा एक देश नाही. किंग्स्टन (जमैका) ते पोर्ट ऑफ स्पेन (त्रिनिदाद) हे हवाई अंतर १,८०० किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे मुंबई ते कोलकात्यापेक्षा अधिक. एका बेटावर इंग्रजी, दुसऱ्यावर स्पॅनिश, तिसऱ्यावर फ्रेंच किंवा डच. चलन वेगळं, व्हिसाचे नियम वेगळे, समुद्रही वेगळा. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी विमानं महाग असतात आणि ती वेळेवर सुटतीलच असं नाही. 'दहा दिवसांत पाच बेटं' असा कार्यक्रम कुणी आखून दिला तर तो घेऊ नका, निम्मी सहल विमानतळांवर जाईल. दहा-बारा दिवसांत एक बेट, फार तर दोन.

पहिल्यांदा जाताना कोणतं बेट घ्यावं?

सोबत लहान मुलं किंवा आई-बाबा असतील तर मी डोळे झाकून बार्बाडोस सांगेन. बेट आटोपशीर आहे, इंग्रजी चालतं, नळाचं पाणी पिता येतं, पश्चिम किनाऱ्याचा समुद्र शांत असतो आणि लंडनहून थेट विमान आहे.

ज्यांना नुसता किनारा नको, माणसंही भेटायला हवी आहेत, त्यांनी त्रिनिदाद आणि टोबॅगो ही जोडी घ्यावी. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज भारतातून मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. तो दिवस तिथे आजही सार्वजनिक सुट्टीचा आहे आणि दिवाळीलाही सुट्टी असते. वॉटरलू गावात समुद्रात उभं असलेलं देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराचं आधीचं देऊळ साखर कंपनीच्या जमिनीवर होतं म्हणून पाडलं गेलं. मग जमीन कुणाच्याच मालकीची नसेल अशी जागा म्हणून त्यांनी समुद्रात भर घालून नवं बांधायला घेतलं. तिथे उभं राहून आजूबाजूची चिखलाची उथळ खाडी पाहिली की हे काम एकट्या माणसाने अंगावर घेतलं होतं यावर विश्वास बसत नाही. तिथून जवळच कारापिचायमाला ८५ फुटी हनुमान आहे. करोनीच्या खारफुटीत संध्याकाळी लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे झाडांवर उतरतात, त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. पोहण्यासाठी मात्र टोबॅगो. पोर्ट ऑफ स्पेनहून विमानाने जेमतेम अर्धा तास लागतो, बोटही आहे.

जमैका संगीत, डोंगर आणि धबधब्यांसाठी सुंदर आहे. पण २८ ऑक्टोबर २०२५ ला 'मेलिसा' हे पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं चक्रीवादळ तिथल्या पश्चिम भागावर आदळलं. त्या बाजूचं हॉटेल घेणार असाल तर ते आणि आसपासचे रस्ते पूर्ववत झाले आहेत का, हे हॉटेलला थेट विचारून घ्या.

हैतीला सध्या सहलीसाठी जाऊ नये.

कोणत्या महिन्यांत जावं?

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा कोरडी, वारा सुखद आणि दर सगळ्यात चढे. नाताळ आणि नववर्षाचे दोन आठवडे शक्यतो टाळाच. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा एप्रिलची अखेर ते मे हा काळ खिशाला आणि हवेला दोन्हीला बरा.

त्रिनिदादचा कार्निव्हल अॅश वेनस्डेच्या (ख्रिश्चनांच्या ईस्टरपूर्व उपवासकाळाचा पहिला दिवस) आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो, म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला. त्यासाठीच जायचं असेल तर राहण्याची सोय कित्येक महिने आधी करावी लागते. त्यासाठी जायचं नसेल तर ते दिवस चुकवा, कारण साध्या खोलीचेही दर भलतेच वाढतात.

जून ते नोव्हेंबर जाऊच नये का? चक्रीवादळाची भीती किती खरी आहे?

भीती खरी आहे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर. पण सगळ्या बेटांना सारखा धोका नसतो. अरूबा, बोनेर, क्युरासाओ ही डच बेटं आणि त्रिनिदाद वादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला आहेत, तिथे थेट तडाखा क्वचित बसतो. क्वचितचा अर्थ कधीच नाही असा घेऊ नका: १९६३ च्या 'फ्लोरा'ने टोबॅगो उद्ध्वस्त केलं होतं. बार्बाडोस बेटांच्या मुख्य माळेपासून पूर्वेला सुटं पडलेलं असल्यामुळे बरेचदा वाचतं, तरी २०२१ मध्ये 'एल्सा' तिथे पोचलंच.

आपल्या सगळ्यांना आठवणारं उदाहरण २०२४ चं आहे. २९ जूनला बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने टी-२० विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर 'बेरिल' वादळामुळे विमानतळ बंद झाला. जगज्जेता संघ हॉटेलात अडकून पडला. ४ जुलैला खास विमानाने दिल्ली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. तोवर त्याच वादळाने १ जुलैला ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावरची बहुतेक घरं मोडून टाकली होती. जून संपता संपता इतकं मोठं वादळ येईल असं सहसा कुणी धरत नाही.

म्हणून या महिन्यांत जायचंच असेल तर दक्षिणेकडचं बेट घ्या, रद्द करता येणारं हॉटेल घ्या आणि परतीनंतर दोन-तीन दिवसांची रजा हातात ठेवा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर राहायलाच हवं, अशी सहल या काळात आखू नका. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा अंदाज रोज मोफत मिळतो, निघण्याच्या आठवडाभर आधीपासून तो पाहत राहा.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

बार्बाडोस, त्रिनिदाद-टोबॅगो, जमैका, डॉमिनिका अशा काही देशांत पर्यटनासाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. डॉमिनिकन रिपब्लिक आणि अरूबासारख्या ठिकाणी अमेरिकेचा वैध व्हिसा असला की काम भागतं. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, तिकीट काढताना गफलत होऊ देऊ नका. हे नियम बदलत असतात, तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघाच.

लोक अडकतात ते बहुधा मधल्या थांब्यावर. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, तिथे विमानतळाच्या आत बसून राहण्याची सोयच नाही. लंडनमार्गे जाताना भारतीय पासपोर्टला साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा अशा काही देशांचे वैध व्हिसा असणाऱ्यांना सूट असते, पण तिच्याही अटी आहेत. आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर तुम्ही इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडता, तेव्हा नुसत्या विमानतळाच्या आतल्या ट्रान्झिट व्हिसावर भागत नाही. स्वस्त तिकिटांत ही विमानतळांची अदलाबदल हमखास असते. तिकिटावरचं विमानतळाचं नाव वाचा, नुसतं 'लंडन' वाचून थांबू नका.

उतरल्यावर अधिकारी परतीचं तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि खर्चाची तजवीज विचारतात. मे २०२४ मध्ये दुबईहून किंग्स्टनला आलेलं एक चार्टर विमान, ज्यात बहुसंख्य प्रवासी भारतीय होते, कागदपत्रांच्या शंकेवरून परत पाठवलं गेलं. त्यामुळे सगळे कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवा. फोनची बॅटरी नेमकी त्याच रांगेत संपते.

मी अमेरिकेत एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपला आहे. चार दिवस बार्बाडोसला जाऊन येऊ का?

नाही. संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची सवलत एच-१बी वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांपर्यंतच्या प्रवासासाठी आहे आणि तिलाही अटी आहेत. जवळच्या बेटांसाठीची सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज कार्यक्रम) व्हिसावाल्यांना मिळते, तीसुद्धा क्युबा सोडून. हा फरक न कळल्यामुळे बाहेर अडकणं म्हणजे नोकरी एकीकडे आणि आपण दुसरीकडे. तुम्हाला कॅरिबियन हवंच असेल तर प्वेर्तो रिको किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्सला थेट विमानाने जा. तो अमेरिकेचाच भाग आहे. कागद मात्र सोबत हवेतच.

यलो फिव्हरची लस घ्यावी लागते का?

त्रिनिदादला जाणाऱ्यांनी हे लक्षपूर्वक वाचावं. भारताच्या यादीत त्रिनिदाद बेट यलो फिव्हरचं क्षेत्र म्हणून आहे. तिथून परतताना प्रमाणपत्र नसेल तर भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणजे तिथे जाताना कुणी अडवत नाही आणि घरी येताना अडकायला होतं. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, तिथे गर्दी असते, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी नाव नोंदवा. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मधला थांबा आफ्रिकेत किंवा पनामात असेल तर तो देश यादीत आहे का आणि नुसत्या थांब्याला नियम लागू होतो का, तेही पाहून घ्या.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया तिथेही आहेत. डास दिवसा चावतात, तेव्हा मलम दिवसा लावायचं.

समुद्र किती सुरक्षित आहे?

याच प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण निळंशार पाणी पाहून सावध माणूसही गाफील होतो.

बहुतेक पूर्वेकडच्या बेटांना दोन वेगळे समुद्र लाभले आहेत. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र, शांत आणि उबदार. पूर्वेला थेट अटलांटिक, मधे आफ्रिकेपर्यंत काहीच नाही. बार्बाडोसला सकाळी पेन्स बे मध्ये गळाभर पाण्यात निवांत पोहलात, म्हणून दुपारी बाथशेबाला तसंच उतरायचं नाही. बाथशेबा बघायला जा, मोठमोठ्या खडकांवर फुटणाऱ्या लाटा आणि त्यावर स्वार होणारे सर्फर बघा, पण पोहू नका. त्रिनिदादचा मराकस किनारा देखणा आहे आणि तिथेही आत खेचणारे प्रवाह असतात. जीवरक्षकांनी रोवलेल्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, लाल झेंडा असेल तर पाण्यात शिरायचं नाही.

प्रवाहाने आत ओढलंच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत प्रवाहाच्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग वळा. तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करा. पोहता न येणाऱ्यांनी बोटीवर, स्नॉर्केलिंगला किंवा टोबॅगोच्या नायलॉन पूलसारख्या उथळ जागीसुद्धा लाइफ जॅकेट काढू नये. फोटोसाठी तर मुळीच नाही.

२०११ पासून सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ वसंतापासून उन्हाळाभर मोठ्या प्रमाणावर वाहून येतं, मुख्यतः अटलांटिकच्या बाजूला. ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. एप्रिल ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर हॉटेल कोणत्या बाजूला आहे हे नकाशावर पाहून मगच पैसे भरा.

प्रवाळावर उभं राहू नका, कासवांना हात लावू नका. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन अरूबा आणि यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये बंद आहे, तेव्हा डबीवरचे घटक वाचून घ्या.

किनाऱ्यावरच्या विषारी झाडाबद्दल ऐकलं, ते खरं आहे का?

खरं आहे. त्याचं नाव मँचिनील. हिरवी चकचकीत पानं आणि खाली पडलेली छोट्या सफरचंदासारखी, गोड वासाची फळं. फळ तोंडात घातलं तर घसा भाजतो. पावसात त्या झाडाखाली उभं राहिलात तर पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळीकडे नसते. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा: किनाऱ्यावर पडलेलं फळ उचलायचं नाही. जमैकात अॅकीचं न पिकलेलं फळही विषारी असतं. ते हॉटेलात शिजवलेलंच खा, झाडावरून तोडून नको.

मासे खाणाऱ्यांनी बॅराकुडासारखे मोठे शिकारी मासे टाळावेत. त्यांच्यातलं सिग्वाटेरा हे विष शिजवून जात नाही.

गुन्हेगारीचं काय?

पर्यटकांच्या बाबतीत बहुतेक घटना चोरी-लुबाडणुकीच्या असतात, पण काही ठिकाणी टोळ्यांचा हिंसाचार गंभीर आहे हे मान्य करूनच जावं. त्रिनिदादमध्ये २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. पोर्ट ऑफ स्पेनमधला लाव्हेंटिल, किंग्स्टनमधल्या काही वस्त्या इथे ओळखीचा स्थानिक माणूस सोबत नसताना जाऊ नये. बार्बाडोस आणि लहान बेटं तुलनेने शांत आहेत. सोन्याच्या बांगड्या-मंगळसूत्र घरी ठेवा. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर फिरू नका. एटीएम बँकेच्या किंवा मॉलच्या आतलं वापरा.

गांजाबद्दल मुलं विचारतात म्हणून स्पष्ट सांगते: जमैकात २०१५ पासून थोडा गांजा जवळ असणं हा मोठा गुन्हा राहिला नाही, पण विमानतळावर तो सापडला तर तुरुंगच. कुणाचंही पार्सल घेऊन येऊ नका.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

त्रिनिदादमध्ये अजिबात नाही. सकाळी रस्त्याच्या कडेला गाडीभोवती जमलेली गर्दी दिसली की समजा, डबल्स मिळतंय. हळद घातलेले दोन मऊ तळलेले 'बारा' (पुरीसारखा प्रकार), त्यावर पळीभर काबुली चण्याची पातळ भाजी, मग काकडी, चिंचेची आंबटगोड चटणी आणि तिखट. विकणारा डोळे न वळवता दोन बोटांनी कागद मुरगळून पुडी हातात देतो. तिखट किती हवं ते तो विचारेल, तेव्हा 'स्लाइट' म्हणा. स्कॉच बॉनेट मिरची आपल्या लवंगीला भारी पडते. दालपुरी रोटी, बटाटा-चण्याची करी, फुलौरी (डाळीच्या पिठाची भजी) हे सगळं सहज मिळतं.

जमैकात रास्ताफारी या धार्मिक पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण बहुधा शाकाहारीच असतं, ते शोधा. बार्बाडोसला मॅकरोनी पाय, ब्रेडफ्रूट (नीरफणस), भात आणि रोटीची दुकानं यांवर भागतं. भात-घेवड्यात कधी कधी मांस किंवा त्याचं पाणी असतं, म्हणून विचारून घ्या. लहान बेटांवर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलेलं उत्तम. इथून सीलबंद पदार्थ न्यायला हरकत नाही, फॉर्मवर नोंद करा. ताजी फळं, भाज्या, बियाणं नको.

पैसे कसे न्यावेत?

अमेरिकन डॉलरचं फॉरेक्स कार्ड आणि थोडे सुटे डॉलर. एका अमेरिकन डॉलरला बार्बाडोसचे दोन डॉलर असा दर बांधलेला आहे. ग्रेनाडा, सेंट लुशिया, डॉमिनिका, अँटिग्वा यांचे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर एका अमेरिकन डॉलरला २.७०. दर सांगताना 'डॉलर' म्हणजे कोणता डॉलर, हे दर वेळी विचारा, नाहीतर टॅक्सीत दुप्पट पैसे जातात. हॉटेलच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असेल तर वर टिप देण्याची सक्ती नसते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका इथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. बार्बाडोसला गाडी देणारी कंपनीच तात्पुरता परवाना काढून देते. रस्ते अरुंद आहेत, जमैकाच्या डोंगरात रात्री चालवू नका. बार्बाडोसची सरकारी बस आणि 'झेडआर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या व्हॅन साडेतीन स्थानिक डॉलरमध्ये बेटभर फिरवतात. संगीत जोरात, वेगही जोरात, पण माणसं मदतीला तत्पर. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा.

क्रूझ बरी की एकाच बेटावर राहणं?

चालायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांना क्रूझ सोयीची: सामान एकदाच उघडायचं. पण मायामीहून निघणाऱ्या क्रूझसाठी अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा हवा. प्रत्येक बेटावर सात-आठ तासच मिळतात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा.

सामानात काय असावं, काय नसावं?

लष्करी छपाईचे कपडे नकोत. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, ग्रेनाडा, सेंट लुशिया अशा बऱ्याच देशांत सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. मुलांची टोपी, दप्तर, चड्डीसुद्धा त्यात आली. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच, गावात अंगभर कपडे घाला.

बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैकात वीज ११० ते ११५ व्होल्टची आणि पिना अमेरिकन पद्धतीच्या. आपली २३० व्होल्टची किटली तिथे नीट चालणार नाही. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

विमा कोणता घ्यावा?

ज्यात नैसर्गिक आपत्तीमुळे सहल रद्द होणं किंवा लांबणं, विमानाने दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात हलवणं आणि डायव्हिंगसारखे खेळ हे तिन्ही लिहिलेले आहेत तो. लहान बेटांवर मोठ्या शस्त्रक्रियेची सोय नसते, त्यामुळे हलवण्याचा खर्चच सगळ्यात मोठा असतो. विमा तिकिटासोबतच घ्या. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत. ज्येष्ठांचा रक्तदाब, मधुमेह लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

क्रिकेटवेड्यांनी काय पाहावं?

पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. त्या मालिकेत पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. तिथल्या वयस्क माणसांना गावसकर हे नाव सांगून बघा, टॅक्सीवाला गाडी हळू करून बोलायला लागतो.

अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

बार्बाडोस: पोलीस २११, अग्निशमन ३११, रुग्णवाहिका ५११. त्रिनिदाद-टोबॅगो: पोलीस ९९९, अग्निशमन ९९०, रुग्णवाहिका ८११. जमैका: पोलीस ११९, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११०. भारताचे उच्चायोग पोर्ट ऑफ स्पेन आणि किंग्स्टनला आहेत. बार्बाडोसला नाही, तेव्हा तिथल्यासाठी कोणत्या दूतावासाशी संपर्क करायचा तो क्रमांक निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून लिहून घ्या. आणि घरच्यांना सांगून ठेवा की बार्बाडोस, त्रिनिदाद भारताच्या साडेनऊ तास मागे आहेत आणि जमैका साडेदहा, म्हणजे तुम्ही उत्तर दिलं नाही तरी ते रात्रभर काळजी करत बसणार नाहीत.